देवगडहून न्यूझीलंडला, कॅराव्हॅनमधून फिरायला: बॅगेत काय भरावं आणि काय घरी ठेवावं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फेब्रुवारीत तुम्ही दोघं, मुलगा, सून आणि पाच वर्षांचा नातू न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर पंधरा दिवस कॅराव्हॅनने फिरणार आहात. गाडी मुलगा चालवणार, जेवण शक्यतो गाडीतच करणार. यजमानांना मधुमेह आहे. तर देवगडहून निघताना बरोबर काय काय घ्यावं? सोबत तुम्ही तुमची यादीही पाठवली आहे.

यादी मन लावून वाचली. मी मालवणचा. आपल्याकडच्या कुटुंबांना अशा सहली आखून देणं हे माझं कामच आहे आणि बऱ्याचदा मी बरोबरही जातो. त्या अनुभवावरून सांगतो, यादीतलं निम्मं सामान घरीच राहू द्या. त्याऐवजी तुम्ही न लिहिलेल्या काही गोष्टी बॅगेत जायला हव्यात.

आपण गावाला निघालो की 'लागलं तर असू दे' म्हणून भरत जातो. एसटीच्या टपावर किंवा स्वतःच्या गाडीच्या डिकीत ते खपून जातं. व्हॅनमध्ये जागा, वीज आणि पाणी या तिन्ही गोष्टी मोजून मिळतात, आणि व्हॅनपर्यंत पोचण्याआधी विमानतळावर जैवसुरक्षेची तपासणी असते. म्हणून प्रत्येक वस्तू हातात घेऊन चार प्रश्न विचारा: ही विमानतळावरून सुटेल का? व्हॅनमध्ये मावेल का? विजेशिवाय चालेल का? हिच्यामुळे पाणी जास्त जाईल का? यादी आपोआप आटोपशीर होते.

सुरुवात बुटांपासून करा. आपली जांभ्याची तांबडी माती तळव्याच्या खाचांत इतकी घट्ट बसते की वरून पुसून काही होत नाही. न्यूझीलंड चारी बाजूंनी समुद्राने वेढलेला आणि शेती, पशुपालन, फळबागा यांवर मोठ्या प्रमाणात जगणारा देश आहे. बाहेरची कीड, बुरशी, बियाणं आत येऊ नये म्हणून ते डोळ्यांत तेल घालून तपासतात. बाहेर रानावनात वापरलेले बूट, तंबू, ट्रेकिंगच्या काठ्या हे सगळं तिथे जाहीर करावं लागतं आणि ते स्वच्छ असावं लागतं. निघायच्या आठवडाभर आधी बूट साबणाच्या पाण्यात भिजवा. जुन्या टूथब्रशने एकेक खाच घासा, अडकलेले खडे दाभणाने काढा. आतले सोल बाहेर काढून झटका, लेस वेगळ्या धुवा आणि सगळं उन्हात खडखडीत वाळवा. मोज्यांना आणि ट्रॅकपँटच्या शिवणीला गवताची कुसळं चिकटलेली असतात, तीही चिमट्याने उपटून काढा, कारण त्यांच्या लेखी ते बियाणंच. बॅगेची चाकं आणि नातवाचे सँडल सगळे विसरतात, तुम्ही विसरू नका. एकदा आमच्या गटातल्या एका आजोबांच्या बुटांच्या टाचेत माती सापडली. त्यांनी बूट आधीच जाहीर केले होते, त्यामुळे अधिकाऱ्याने ते आत नेले, धुऊन प्लास्टिकच्या पिशवीत घालून परत दिले आणि हसून निरोप दिला.

जाहीर करणं हाच तिथला सगळ्यात महत्त्वाचा नियम आहे. न्यूझीलंड ट्रॅव्हलर डिक्लेरेशन नावाचा फॉर्म प्रत्येकाला भरावा लागतो, नातवाचासुद्धा. तो फुकट आहे, प्रवास सुरू करण्याच्या चोवीस तास आधीपासून ऑनलाइन भरता येतो. त्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर ती सरकारी साइट नव्हे. जाहीर केलेली वस्तू चालत नसेल तर फार तर ती काढून घेतात. न सांगता आणलेली जोखमीची वस्तू सापडली तर जागच्या जागी ४०० न्यूझीलंड डॉलरचा दंड होतो, मग ते विमानात मिळालेलं आणि पर्समध्ये राहून गेलेलं सफरचंद का असेना. शंका आली की 'हो' वर खूण करा. रांगेत पंधरा-वीस मिनिटं जास्त गेली तर जाऊ द्या.

आता तुमच्या यादीतला खाऊ.

मध अजिबात नाही. मधमाशीपासूनचं काहीच तिथे नेता येत नाही. पेढे, खव्याच्या वड्या, घरचं तूप हेही काढा. आपल्या देशात गुरांना लाळ्या-खुरकुत होतो, त्यामुळे दुधाच्या पदार्थांबाबत ते फार कडक आहेत. तुपाचं मनाला लावून घेऊ नका. तिथल्या सुपरमार्केटात बिनमिठाचं लोणी मिळतं, ते मंद आचेवर कढवलं की उत्तम तूप होतं, आणि व्हॅनमध्ये त्याचा वास दरवळला की घरच्यासारखं वाटतं. ताजी फळं, नारळ, कढीपत्त्याच्या काड्या, हिरव्या मिरच्या, ओली हळद, विड्याची पानं, हे सगळं घरी.

पेरलं तर उगवेल असं काहीही नेऊ नये, हा माझा ठोकताळा आहे. अख्खे मूग, मटकी, मोहरी, मेथी, धने यातच आले. तिरफळं तुम्ही खास लिहिली आहेत, बांगड्याच्या तिखल्याला ती हवीतच हे मलाही कळतं. पण अख्ख्या सुक्या फळांवरून तिथे वाद घालण्यापेक्षा या पंधरा दिवसांत तिखलं तिरफळांशिवाय करा. मोहरी-जिरं क्राइस्टचर्चच्या भारतीय दुकानात मिळतं, तांदूळ आणि डाळी तर कुठल्याही मोठ्या सुपरमार्केटात. उकडा तांदूळ मिळेलच असं नाही, पण पेजेला तिथला आखूड दाण्याचा तांदूळ चालतो. जरा जास्त शिजवायचा, एवढंच.

न्यायचं ते असं: मालवणी मसाला, हळद, हिंग, कुळथाचं पीठ, मेतकूट, भाजणी. मात्र हे सगळं दळलेलं, कंपनीच्या बंद पाकिटातलं आणि वर इंग्रजीत नाव छापलेलं असावं. घरचा मसाला शंभरपट चांगला असतो, पण बिनलेबलच्या पुडीत काय आहे हे त्या अधिकाऱ्याला कळायला मार्ग नसतो, आणि न कळलेली वस्तू तो कचऱ्यात टाकू शकतो. आंबापोळी-फणसपोळी न्यायचीच असेल तर कारखान्याचं पॅकिंग असलेली घ्या आणि जाहीर करा. कोकमाचं आगळ तर नक्की घ्या, सीलबंद बाटली, दोन पिशव्यांत गुंडाळून, चेक-इनच्या बॅगेत. नारळाचं दूध तिथे डब्यात मिळतं. दिवसभर गाडी चालवून आल्यावर मुलाला भातावर सोलकढी मिळाली की तो दुसऱ्या दिवशी पुन्हा उत्साहाने निघेल. हे सगळं जाहीर करायचंच, आणि शेवटचा शब्द तिथल्या अधिकाऱ्याचा, हे मनाशी धरून चला. म्हणून कुठल्याही एका पुडीवर पंधरा दिवसांचं जेवण अवलंबून ठेवू नका.

सुकट आणि सोडे मात्र कृपा करून काढा. तपासणीचा प्रश्न आहेच, पण पाच माणसं जिथे झोपतात, जेवतात, कपडे ठेवतात त्या बंद गाडीत तो वास शेवटपर्यंत निघत नाही, आणि गाडी परत देताना जादा सफाईचे पैसे कापले जाऊ शकतात. मासे खायचे तर ताजे खा. कायकोराला शेवंडाच्या टपऱ्या आहेत, ब्लफच्या कालवांचं नाव जगभर आहे (त्यांचा हंगाम मार्चपासून, तुम्हाला जरा लवकर होईल), आणि सामन तर जागोजाग मिळतो.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही नकोत. त्यांत तेल असतं म्हणून खोबरं ज्वलनशील धरलं जातं आणि चेक-इन बॅगेत घेऊ देत नाहीत. तेलातलं लोणचं केबिनमध्ये नेता येत नाही. नातेवाइकांना द्यायला सावंतवाडीची लाकडी खेळणी तुम्ही लिहिली आहेत. ती नेता येतात, पण लाकूड म्हणून जाहीर करा, आणि घेतानाच किडीचं भोक किंवा साल राहिलेली नाही ना ते पाहा. वेताची परडी, सूप, गवताची केरसुणी नको. पोळपाट नको. लाटणं न्यायचं तर स्टीलचं, नाहीतर तिथे बाटलीवर लाटता येतं. खरं तर पंधरा दिवस पोळ्या लाटायच्या भरीस पडू नका. तिथे तयार पोळ्यांसारखे रॅप मिळतात, ते तव्यावर गरम केले की भाजीबरोबर छान लागतात.

खाण्याचं एवढं सविस्तर लिहिलं, कारण आपली माणसं तिथेच अडकतात. आता गाडी.

पाच जणांना सहा बर्थची व्हॅन लागेल. ती साधारण सात मीटर लांब आणि सव्वादोन मीटर रुंद असते. घरी एक गोष्ट करून पाहा. खळ्यात खडूने किंवा रांगोळीने तेवढा चौकोन आखा. त्यात चालकाची जागा, ओटा, शौचालय, टेबल आणि दोन पलंग मांडून उरलेल्या पट्ट्यात पाच जणांनी आपापल्या बॅगा घेऊन उभं राहा. दोन मिनिटांत सगळ्यांना कळेल की पाच मोठ्या सुटकेस तिथे जाऊच शकत नाहीत. चाकांच्या कडक सुटकेस व्हॅनचे खरे शत्रू आहेत. रिकाम्या झाल्या तरी त्या घडी होत नाहीत, मग रोज रात्री त्या पलंगावरून खाली आणि सकाळी परत वर. कापडी, मऊ बॅगा घ्या, ज्या रिकाम्या करून गादीखालच्या कप्प्यात सारता येतात. सुटकेसशिवाय भागत नसेल तर काही कंपन्या त्यांच्या आवारात ठेवून घेतात, बुकिंग करताना विचारून ठेवा.

झोपण्याचंही आत्ताच ठरवा. चालकाच्या डोक्यावरचा पलंग शिडीने चढायचा असतो, तो मुलगा-सुनेला द्या. तुम्ही दोघं खाली, म्हणजे रात्री उठावं लागलं तर अंधारात शिडी उतरायला नको. नातू वर झोपायचा हट्ट धरेल, पण जाळी किंवा अडसर असेल तरच झोपवा. गाडीत साडी नेसून वावरणं जिकिरीचं जातं, सलवार-कुर्ते किंवा ट्रॅकपँट बऱ्या.

अंथरूण-पांघरूण, ताटं-वाट्या, कप, चमचे, भांडी, किटली, सुरी हे भाड्याच्या व्हॅनबरोबर येतं. पातळ सोलापुरी चादर एखादी घ्या, बाकी नको. टॉवेल बहुतेक मिळतात, पण ते जाड असतात आणि गाडीत वाळत नाहीत. त्याऐवजी आपले सुती पंचे घ्या, माणशी दोन. धुतले, पिळले, खिडकीशी टांगले की तासाभरात वाळतात. नायलॉनची दोरी आणि डझनभर चिमटे ही तुमच्या यादीत नसलेली पहिली गोष्ट. दुसरी गोष्ट म्हणजे खिडक्या पुसायला मऊ फडकी. पाच जण झोपले की थंड रात्री काचांवर आतून पाणी साचतं, ते सकाळी पुसलं नाही तर गाद्यांच्या कडा ओल्या होतात. छताची झडप बोटभर उघडी ठेवून झोपायचं, थंडी वाजली तरी.

कुकर घ्या. तीन लिटरचा, ॲल्युमिनियमचा, जुना आणि सवयीचा. वर एक जादा रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह. भाड्याच्या गाडीत कुकर नसतो, आणि कुकरमुळे गॅस, वेळ, वाफ सगळंच वाचतं. बॅगेत भरताना त्याच्या पोटात मोजे आणि मसाल्याची पाकिटं कोंबा, म्हणजे जागा फुकट जात नाही. मिक्सर, इंडक्शन, विजेचा राइस कुकर हे तिन्ही खोडून टाका.

त्याचं कारण वीज. व्हॅनमध्ये भिंतीत प्लग दिसतात म्हणून लोकांना वाटतं, घरासारखं काहीही लावता येईल. ते प्लग फक्त हॉलिडे पार्कमध्ये, म्हणजे व्हॅन मुक्कामाला लावायच्या सोयींच्या जागेत, गाडीला बाहेरून केबल जोडली की चालतात. रानात, तळ्याकाठी उभे असाल तेव्हा गाडीच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर दिवे, पाण्याचा पंप, यूएसबी एवढंच चालतं. म्हणून स्वयंपाक गॅसवर, आणि मोबाइल गाडी चालू असताना चार्ज करायचे. दाब तिथेही २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झच आहे, त्यामुळे आपले चार्जर जळत नाहीत, फक्त पिन वेगळी: चपट्या, तिरक्या, तीन. पाच ॲडॉप्टर घेण्यापेक्षा एक चांगला ॲडॉप्टर आणि आपल्या पिनांचा एक छोटा एक्स्टेंशन बोर्ड घ्या, सगळ्यांचे मोबाइल एकाच ठिकाणी लागतात. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये कधीच नाही. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-तासांची होते, १०० च्या आत असल्याने चालते. आगपेटी, लायटर बॅगेत टाकू नका, गॅस पेटवायचा लायटर तिथे दोन-चार डॉलरला मिळतो.

फोडणीबद्दल सांगायलाच हवं. व्हॅनमध्ये धुराची आणि गॅसची सूचना देणारी यंत्रं असतात. कडकडीत तेलात मोहरी-मिरची पडली की ती किंचाळायला लागतात, नातू दचकून रडतो आणि शेजारच्या गाडीतले लोक बाहेर येऊन पाहतात. म्हणून आधी छताची झडप आणि ओट्यावरची खिडकी उघडायची, पंखा लावायचा, मगच तेल ठेवायचं. फोडणी मध्यम आचेवर. यंत्राची बॅटरी काढून ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. बंद गाडीत गॅस जळताना कार्बन मोनॉक्साइड साठू शकतो, त्याला ना रंग ना वास. त्याच कारणाने ऊब मिळावी म्हणून शेगडी पेटती ठेवून झोपायचं नाही. हॉलिडे पार्कमध्ये सगळ्यांसाठी मोठं स्वयंपाकघर असतं, माशाचं कालवण आणि तळण तिथे करा.

आता पाणी आणि शौचालय. हे लोक विचारायला लाजतात, म्हणून मीच सांगतो. व्हॅनमधल्या शौचालयाखाली एक पेटी असते, तिच्यात साधारण १८-२० लिटर मावतं. आपण पाणी वापरणारी माणसं. पाच जणांनी घरच्या सवयीने मग भरभरून पाणी ओतलं तर ती पेटी दिवसभरातच भरते, आणि ती ओतून धुणं हे कुणा तरी एकाचं रोजचं काम होऊन बसतं. उपाय असा: दाबली की धार येते अशी प्लास्टिकची बाटली मिळते, ती माणशी एक घ्या. मूठभर पाण्यात काम होतं. शक्य तेवढं पार्कमधलं किंवा रस्त्याकडेचं सार्वजनिक शौचालय वापरा. ती तिथे बहुतेक गावांत असतात आणि स्वच्छ असतात. व्हॅनमधलं रात्रीपुरतं आणि नातवासाठी ठेवा. पेटी फक्त नेमून दिलेल्या डंप स्टेशनवर रिकामी करायची, त्यासाठी रबरी हातमोज्यांचे दोन जोड न्या. हे यादीत नसलेलं तिसरं. आंघोळही पार्कच्या न्हाणीघरात करा. गाडीच्या टाकीतलं पाणी पिण्याला आणि भांड्यांना पुरलं पाहिजे. ताटं आधी कागदाने पुसून मग धुतली की पाणी निम्मं लागतं.

मुक्काम कुठेही ठोकता येतो असं तुमच्या मुलाला कुणी सांगितलं असेल तर ते खरं नाही. २०२३ मध्ये तिथला कायदा कडक झाला. हॉलिडे पार्क किंवा कॅम्पसाइटबाहेर राहायचं तर गाडीत पक्कं बसवलेलं शौचालय आणि तसं प्रमाणपत्र हवं. काचेवर हिरवं कार्ड असतं ते हेच, गाडी ताब्यात घेताना डोळ्यांनी पाहून घ्या. शिवाय स्थानिक नगरपालिकेची मनाई नसावी लागते. चुकीच्या जागी राहिलं तर दंडाची सुरुवातच ४०० डॉलरच्या आसपास आहे. माझा सल्ला: एकाआड एक रात्र वीज असलेली जागा घ्या आणि मधल्या रात्री डीओसीच्या, म्हणजे तिथल्या सरकारी संवर्धन खात्याच्या कॅम्पसाइटवर राहा. डीओसीच्या साध्या जागी नळाचं पाणी उकळून प्यावं लागू शकतं, तिथली पाटी वाचा. जागा शोधायला कॅम्परमेट हे ॲप चांगलं आहे, नकाशे आधीच उतरवून ठेवा. 'ते आनाऊ' या गावाहून मिलफर्ड साउंड या खाडीला जाणारा साधारण १२० किलोमीटरचा रस्ता अप्रतिम आहे, पण बहुतेक वाटेत मोबाइलला रेंज नसते. डिझेल 'ते आनाऊ'लाच भरून घ्या.

कपडे. फेब्रुवारी म्हणजे तिथला उन्हाळा, संध्याकाळी साडेआठपर्यंत उजेड. तरीही टेकापो, माउंट कुक या भागांत रात्री चांगलंच गार पडतं. आपल्याकडे पौषातही स्वेटर कपाटातून फारसा निघत नाही, त्यामुळे घरात खरे गरम कपडे नसतात आणि मग जत्रेतली जाडजूड जाकिटं विकत घेतली जातात. ती जागा खातात. एकावर एक चढवायचे पातळ थर घ्या: अंगालगत एक थर्मल, वर सुती, त्यावर फ्लीस, सगळ्यात वर वारा-पाऊस अडवणारं टोपीचं जाकीट. कानटोपी. माणशी चार-पाच जोड पुरे, पार्कमध्ये नाण्यांवर किंवा कार्डावर चालणारी धुलाई यंत्रं असतात. छत्री नको, वाऱ्याने उलटते. पश्चिम किनाऱ्यावर आणि मिलफर्डला पाऊस धरूनच चाला. मिलफर्डला वर्षाला सहा हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, म्हणजे आपल्या आंबोलीची बरोबरी, आणि तिथे पावसाळा असा वेगळा नाही, वर्षभर केव्हाही येतो. एक सांगतो, तो धो-धो पडतो तेव्हाच मिलफर्ड बघावं, कडेकपारीतून शेकडो धबधबे एकदम सुटतात. जाकीट चांगलं असेल तर तो दिवस फुकट न जाता सगळ्यांत मोलाचा ठरतो.

उन्हाला हलकं घेऊ नका. 'आम्हाला ऊन काय नवीन' असं देवगडचा माणूस म्हणणारच. पण तिथे हवा गार लागते आणि अतिनील किरणांचा निर्देशांक उन्हाळ्यात ११ च्या वर जातो. घाम येत नाही म्हणून कळत नाही, संध्याकाळी नाक-मान भाजलेली असते. रुंद काठाची टोपी, गॉगल आणि एसपीएफ ५० चं मलम. मलम तिथेच घ्या.

पश्चिम किनाऱ्यावर आणि फियोर्डलँडमध्ये सँडफ्लाय नावाच्या बारीक काळ्या माश्या आहेत. आपले डास संध्याकाळी निघतात, या दिवसाउजेडी चावतात, पाण्याकाठी, वारा पडला की, आणि खाज आठवडाभर टिकते. पायाचे घोटे हे त्यांचं आवडतं ठिकाण. लांब मोजे, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, आणि डीट किंवा पिकारिडिन असलेलं औषध. चालत असलात तर त्या फारशा बसत नाहीत, उभं राहिलात की संपलं. गाडीचं दार उघडं ठेवून चहा करत बसायची सवय तेवढ्या भागात सोडा.

औषधं. यजमानांची गोळ्या-इन्सुलिन सगळी हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. चिठ्ठीवर ब्रँडबरोबर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, आपले ब्रँड तिथल्या केमिस्टला माहीत नसतात. वैयक्तिक वापरासाठी तीन महिन्यांपर्यंतची औषधं नेता येतात, फॉर्मवर जाहीर करा. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध नेऊ नका. काढ्याच्या मुळ्या, सुकी पानं, बिबा वगैरे घरीच. इन्सुलिन व्हॅनच्या फ्रिजमध्ये मागच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, तिथे गोठू शकतं, दाराच्या कप्प्यात ठेवा. तपासणीचं यंत्र आणि जादा पट्ट्या घ्या. झोपताना श्वासाचं मशीन लावणारं कुणी असेल तर रोजच वीज असलेली जागा लागेल, ते आत्ताच सांगा. अपघातात दुखापत झाली तर तिथली एसीसी ही सरकारी योजना पर्यटकांच्या उपचारालाही धरते, पण आजारपण तिच्यात येत नाही. म्हणून प्रवास विमा हवाच, आणि मधुमेह लपवून काढलेला विमा ऐन वेळी कामाला येत नाही.

कागदपत्रांत मुलाचं मूळ लायसन्स. आपलं स्मार्ट कार्ड इंग्रजीत असल्याने ते चालतं, तरी सिंधुदुर्ग आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवा, तो वर्षभर चालतो आणि गाडीच्या कंपनीशी बोलणं सोपं होतं. सूनही चालवू शकत असेल तर तिचाही काढा, एकट्यावर पंधरा दिवस नको. अनामत रकमेसाठी चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्ड हवं, दुसऱ्याचं चालत नाही असं बऱ्याच कंपन्यांचं असतं. विमान ऑस्ट्रेलियामार्गे असेल तर तिथला ट्रान्झिट व्हिसा लागतो, तिकीट काढण्याआधी पाहा. गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवतात. साडेतीन टनांवरच्या व्हॅनला ताशी ९० ची मर्यादा आहे, इतरांना मोकळ्या रस्त्यावर १००. आणि पोचल्या दिवशी गाडी ताब्यात घेऊ नका. फेब्रुवारीत घड्याळ साडेसात तास पुढे असतं, रात्रभराच्या प्रवासानंतर त्या अवजड गाडीवर बसणं धोक्याचं आहे. पहिली रात्र क्राइस्टचर्चमध्ये हॉटेल, झोप, मग गाडी आणि बाजारहाट.

राहिला नातू. सात वर्षांखालच्या मुलाला तिथे चाइल्ड सीट सक्तीची आहे. ती भारतातून नेऊ नका, मानकं जुळायला हवीत. व्हॅनबरोबरच बुक करा आणि ती बांधायला गाडीत नेमकी कुठली जागा आहे ते लेखी विचारून घ्या, कारण व्हॅनच्या सगळ्याच सीटवर ती बसत नाही. गाडी चालू असताना मागे पलंगावर झोपणं किंवा ओट्याशी उभं राहणं कुणालाच नाही, सगळे पट्टा लावून. त्याच्यासाठी डोक्याला बांधायची छोटी बॅटरी घ्या, हे यादीत नसलेलं चौथं. रात्री शौचालयापर्यंत जाताना हात मोकळे राहतात आणि मुलांना ती फार आवडते, मोठ्यांसाठीही दोन असू द्यात. एक रंगपेटी, एक वही, पत्त्यांचा जोड. खेळणी बाकी नकोत, टेकापोच्या तळ्याकाठी दगडच दगड आहेत. फक्त परत येताना त्याचे खिसे तपासा.

व्हॅनचं मॉडेल ठरलं की मला त्याचा दिवसा-रात्रीचा आराखडा पाठवा. पलंगांची मापं आणि सीटबेल्टच्या जागा पाहून कोण कुठे बसेल, कुठे झोपेल आणि कुठल्या कप्प्यात काय जाईल ते मांडून देतो.